सही कुणाची?

टूसॉन, ॲरिझोना

इत्सेल,

इमिग्रेशनच्या माणसांनी तुझ्या बाबांना पकडून नेल्यापासून तुमचं दार माझ्यासारख्या शेजाऱ्यालाही बंद झालंय. न्यायाधीशाच्या सहीशिवाय सरकारला घरात शिरता येत नाही, संविधानच तसं सांगतं, असं मी कायद्याचं कॉलेज सोडण्याआधी शिकलो होतो आणि तुम्हालाही पढवलं होतं. त्या माणसांनी काचेवर धरलेल्या कागदावर बाबांनी सही पाहिली आणि दार उघडलं. सही त्यांच्याच कुणा साहेबाची होती.

काल मी चिडून दार बडवलं. आतून तुझी आई म्हणाली, "आला अर्धवट वकील! न्यायाधीशाची सही आणलीस का रे?" तू हसलीस. किती दिवसांनी! मी दमून पायरीवरच बसलो.

हे पत्र दाराखालून सरकवणार होतो. पण कागद आत आलेला दिसला की आई आधी दिवे मालवेल, मग तुला घट्ट धरून बसेल. नको. खिशातच राहू दे.

सही फक्त माझी,
रोसेंदो