गोल ओव्हन, सून उन्नतीस

मी, श्रीमती वेणू हरिचंद्र गायकर, वय बहात्तर, राहणार मांजर्ली, बदलापूर पश्चिम, हे मृत्युपत्र माझ्या राजीखुशीने सांगते आहे आणि शेजारची वैदेही वकील ते टाइप करते आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायद्याला गुडघे लागत नाहीत, असं वैदेही म्हणते. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही.

कलम १. तळमजल्याचं घर माझ्या एकटीच्या नावावर आहे. ते माझ्या पश्चात मुलगा हरेश व मुलगी प्रतिभा यांना निम्मंनिम्मं मिळावं. पावसाळ्यात नदी घरात येते, हे विकताना गिऱ्हाइकापासून लपवू नये. आमच्यापासून लपवलं होतं.

कलम २. दारचं जांभळाचं झाड तोडू नये. बारवी धरणाकडच्या वाडीवरून चंद्री दर उन्हाळ्यात करवंदं घेऊन येते आणि त्या सावलीत पाटी टेकते. तिला कोणी उठवू नये. माझी सगळी लुगडी तिला द्यावीत.

कलम ३. शेजारीण रखमाबाईने माझं केकचं भांडं दोन दिवसांसाठी म्हणून नेलं आणि त्यात सुकट भाजली. ते भांडं तिला कायमचं दिलं आहे असं समजावं. आणखी काही देऊ नये.

कलम ४. काचेच्या झाकणाचा गोल ओव्हन माझी सून उन्नती हरेश गायकर हिला द्यावा. प्रतिभाने मागितला तरी देऊ नये. कारण सांगते. वैदेही, हे सगळं टाइप कर, गाळू नकोस.

उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये कीर्तीभाभींकडे मी एकोणीस वर्षं स्वयंपाक केला. मे महिना लागला की त्यांच्याकडे शॉर्टकेक व्हायचा. मैद्यात गार बटर बोटांच्या टोकांनी चुरायचं, गार दुधाने जेमतेम गोळा करायचा, मळायचा नाही. भाजला की जाड खुसखुशीत बिस्कीट होतं. ते मधून फोडून आत फेटलेली साय आणि आंबा, जांभूळ, करवंद. भाभी प्रत्येक वेळी म्हणायच्या, "वेणू, हाथ ठंडे रख." माझे हात तांदळाच्या भाकरीचे. आम्हा आगऱ्यांकडे पिठावर उकळतं पाणी पडल्याशिवाय भाकरी थापली जात नाही. तरी मी शिकले. भाभी मुलाकडे परदेशी गेल्या, तेव्हा ओव्हन मला देऊन गेल्या.

मी तो केक उन्नतीला शिकवला आणि तिचा माझ्यापेक्षा बरा व्हायला लागला. हे मी तिला कधी बोलले नाही. २०१९ च्या पुरात पाणी उंबऱ्याला लागलं, तेव्हा तिने लग्नातल्या शालूंची पेटी खालीच राहू दिली आणि आधी ओव्हन माळ्यावर चढवला. शालू भिजले. तेही मी कोणाला सांगितलं नाही.

२०२२ च्या मे महिन्यात प्रतिभाच्या सासरची माणसं जेवायला आली. उन्नतीने मैद्यात बटर चुरून ते फ्रीजमध्ये ठेवलं आणि साडी नेसायला गेली. मी झाकण उघडून पाहिलं, तर सगळा भुगा. मला वाटलं, आज हिने बटर कमी घातलं, याचा गोळा कसा होणार, चारचौघांत फजिती होईल. मी टोपात पाणी उकळलं, त्यावर ओतलं आणि भाकरीसारखं रगडून मळलं. हात आपोआप चालले. झाकून परत ठेवलं. मी दूध घालून गोळा केला असेल असं समजून तिने घाईत तेच भाजलं.

केकमध्ये चमचा शिरेना. व्याही शिवराम भोईर यांनी दाताला हात लावून विचारलं, केला कोणी? मी म्हणाले, "सुनेने. किती शिकवलं, तिला नाही जमत." सगळे हसले. उन्नती बशा घेऊन आत गेली. मी मागोमाग गेले, तर ती ओट्यापाशी उभी होती. म्हणाली, "आई, टोपातलं पाणी अजून कोमट आहे."

एवढंच बोलली. बाहेर येऊन तिने काही सांगितलं नाही, हरेशलाही नाही. महिन्याभरात दोघं इथेच पूर्वेला, शिरगावला भाड्याने राहायला गेली. सणाला येते, वाकून नमस्कार करते, स्वयंपाकघरात पाऊल टाकत नाही. तीन वर्षं झाली. लाज वाटते मला.

केक मी बिघडवला. उन्नतीने नाही.

कलम ५. इथवर टाइप करून वैदेही थांबली. म्हणाली, "काकी, हे तुमच्या मागे वाचणार. मग उन्नतीने बोलायचं कोणाशी?" मला राग आला. तू तुझं टाइप कर, म्हटलं. चहा झाला. मग मी तिला हे कलम घालायला सांगितलं: कलम ४ माझ्या मरणापर्यंत थांबणार नाही. रविवारी मी ओव्हन घेऊन शिरगावला जाईन.

पहिले साक्षीदार म्हणून मी मुद्दाम व्याह्यांना बोलावलं आहे. खोटं त्यांनी ऐकलं होतं, खरंही त्यांनीच ऐकावं. सही करण्याआधी त्यांना कलम ४ दोनदा वाचून दाखवलं. ते म्हणाले, तीन वर्षं मी त्या पोरीला चिडवत आलो, मलाही रविवारी रिक्षात घ्या.

स्थळ: मांजर्ली, बदलापूर. दिनांक २३ मे २०२५.
सही: वेणू हरिचंद्र गायकर
साक्षीदार: १. शिवराम भोईर २. साईनाथ म्हसकर, शेजारी

दुरुस्ती. कलम ४ मधली ओव्हन देण्याची ओळ मी आज माझ्या हाताने खोडली आहे, कारण वस्तू पोचती केली. कबुली खोडलेली नाही. ती मी हरेश आणि व्याह्यांच्या देखत तोंडाने सांगितली. उन्नतीने परातीत मैदा घेतला, फ्रीजमधून बटर काढलं. मी उठायला लागले, तर म्हणाली, "तुम्ही हात लावू नका. इथे बसा आणि चुकलं तर सांगा."

मी बसले आहे. अजून काही चुकलेलं नाही.

स्थळ: उन्नतीचं स्वयंपाकघर, शिरगाव. दिनांक २५ मे २०२५.
सही: वेणू हरिचंद्र गायकर
साक्षीदार: १. शिवराम भोईर २. साईनाथ म्हसकर (ओव्हन जड म्हणून सोबत आले)