तापी ग्रुपचे चेअरमन

३ मे
इंदूरच्या सेमिनारवरून परत. सर म्हणाले, आपल्यासारख्या वाढत्या देशांत बँका घाबरतात, बाजाराचा भरवसा नसतो. म्हणून मोठे बिझनेस ग्रुप सगळं घरातच ठेवतात. माल आपला, गाडी आपली, कारखाना आपला. एक पडला की दुसरा उचलतो. माझ्या अंगावर काटा आला. आमच्याकडे हे सगळं आहेच की. धाकट्या भावाची, मनोजची, जसोंडी गावात केळीची बाग. मेहुणा पंकजच्या दोन पिकअप. बायकोचा, ज्योत्स्नाचा, बहादरपुरात केळीच्या चिप्सचा कारखाना. फक्त चेअरमन नव्हता.

६ मे
तापी ग्रुपची स्थापना. पहिला ठराव: ग्रुपचा धंदा ग्रुपमध्येच. मनोजने बाहेर केळी विकायची नाही, पंकजने बाहेरचं भाडं मारायचं नाही. ज्योत्स्नाने विचारलं, आणि तुम्ही काय करणार? म्हटलं, दिशा देणार. ती कढईकडे निघून गेली. व्हिजन सगळ्यांनाच नसतं.

१९ मे
मनोजची केळी अजून भरलेली नाही. कारखाना बंद. शेजारच्या मळ्यात तयार माल उभा आहे, पण ठराव म्हणजे ठराव. पंकज म्हणाला, दाजी, गाडी अशी खडी राहिली तर ड्रायव्हर भागून जाईल. त्याला लाँग टर्म समजावलं. तो मधेच उठला.

२ जून
मनोजचा माल एकदम तयार झाला. कारखान्याला एवढा लागत नाही. दिल्लीचा व्यापारी न्यायला आला होता, मी परत पाठवला. अर्धे घड झाडावरच पिकून फुटले. मनोज बोलत नाही. मोठे निर्णय घेणारा माणूस एकटाच असतो.

११ जून
लोगोसाठी इंदूरला गेलो होतो. माझ्या मागे बाहेरच्या एका मोठ्या कंपनीची माणसं कारखाना बघून गेली. मला कोणी फोन केला नाही. मनोजची बायको अर्चना बोलता बोलता बोलून गेली, मग जीभ चावली. ज्योत्स्नाला विचारलं. म्हणाली, हो, आले होते, चहा पिऊन गेले. घरातच फितुरी. तातडीची मीटिंग बोलावली.

१४ जून
सकाळी राजपुऱ्यातल्या घरी खुर्च्या मांडल्या, चहा ठेवला. कोणी आलं नाही. पंकज फोनवर म्हणाला, बस, रस्त्यात आहे. चहा दोनदा गरम केला. शेवटी स्कूटर काढून बहादरपूर गाठलं.

तिघं कारखान्यात क्रेटवर बसले होते, कंपनीच्या माणसासोबत. सह्या झाल्या होत्या. तिघांची एक फर्म. केळी मनोजची, उरलेली तो कोणालाही विकणार. कमी पडली तर ज्योत्स्ना कुठूनही घेणार. गाड्या पंकजच्या, रिकाम्या असल्या की बाहेरचं भाडं. चिप्स कंपनी विकत घेणार.

मी म्हटलं, हा तर माझाच ग्रुप आहे.
मनोज खाली बघत म्हणाला, "हो दादा. आयडिया तुझीच."
मग मला का नाही सांगितलं?
ज्योत्स्ना म्हणाली, "सांगितलं असतं तर तुम्ही ठराव केला असता."

मी आत आलो तेव्हा तिघं हसत होते. ते जास्त लागलं. माझ्या मीटिंगमध्ये कोणी कधी हसलं नाही.

१५ जून
आजपासून त्या कारखान्याची पायरी चढणार नाही. अन्नत्याग. दुपारी थोडं वरण-भात खाल्लं, पण मन नव्हतं.

२३ जून
ज्योत्स्नाने विचारलं, शनवारा चौकात फर्मचं दुकान काढतोय, बसाल का? स्पष्ट नाही म्हटलं. मग विचार केला. रिटेल हा कोणत्याही ग्रुपचा चेहरा असतो. तिला पुन्हा विचारायला लागू नये म्हणून स्वतःच जाऊन हो सांगून आलो.

१ जुलै
दुकान उघडलं. पहिलं गिऱ्हाईक, एक म्हातारे काका. मिरीवाल्या चिप्स चाखल्या, आवडल्या. लग्नाची मोठी ऑर्डर द्यायची म्हणाले. भाव थोडा कमी करा. मी हिशेब करायला लागलो.
"तुम्ही राहू द्या," ते म्हणाले, "मालकांना फोन लावा."
लावला.
ज्योत्स्नाने उचलला.