लाल पुरचुंडी

८ जुलै, मंगळवार
पाऊस थांबल्यावर खाली जाऊन आले. कोपऱ्यावरच्या मेकॅनिकच्या शेडमधलं तेल पुन्हा गल्लीभर. सगळं वाहत येतं ते आमच्या बिल्डिंगीच्या शोषखड्ड्यात, आणि खड्ड्याला लागूनच बोअर. म्हणजे आम्ही सहा घरं तेच पाणी पितो. मीटिंगमध्ये सांगितलं होतं. सेक्रेटरी म्हणाले, "देखेंगे टीचरम्मा." अजून देखतायत.
हे असते तर भांडले असते. मला भांडता येत नाही. प्रयोग येतो.

११ जुलै
तारनाक्याहून बस धरून गौलीगुडा. गादीवाल्याकडून सावरीचा कापूस. "किसका तकिया, अम्मा?" नाली का, म्हटलं. बघतच राहिला.
नारळाच्या शेंड्या दोन महिने जमवल्यात. काथ्या गाळ धरतो. सावर तेल पिते, पाण्याला शिवत नाही. बरणीत करून पाहिलं, वरचा तवंग गेला! दाखवायला घरात कुणी नाही. बरणी ह्यांच्या फोटोसमोर धरली थोडा वेळ.

१३ जुलै, रविवार
काथ्या आणि सावर भरून पहिली पुरचुंडी खड्ड्याच्या तोंडाशी बसवली. कापड म्हणून माझी जुनी लाल इरकल. लाल म्हणजे झाडणाऱ्या यादम्माला लांबून दिसेल. सुतळीने सात ठिकाणी आवळली.
समोरच्या फ्लॅटमधली सुगुणम्मा वरून बघत होती. हे गेल्यापासून रोज चारला माझ्याकडे चहाला येते, एक दिवस चुकली नाही. "क्या है वो?" म्हटलं, पानी साफ करने का. हसली.

२४ जुलै, गुरुवार
पुरचुंडी बदलली. जुनी काळीकुट्ट, जड, पिळली तर हात तेलकट. किती दिवसांनी असा आनंद झाला! तशीच घेऊन सु.ला दाखवायला गेले. दार अर्धवटच उघडलं. "आज नक्को टीचरम्मा. आज अमावास्या."
मी कुठे तिथी बघते? तिलाही ते माहीत आहे.
चहाला आली नाही.

२९ जुलै
पाच दिवस. आधण दोघींचंच पडतं, हाताची सवय. दुसरा कपही मीच पिते.
आज यादम्मा बोलली एकदाची, मान खाली घालून. दुसऱ्या मजल्यावरचे साहेब खड्ड्यापाशी घसरले, पाय मोडला. (तेलावरून. आणखी कशावरून?) त्यात लाल कापड, नारळाच्या शेंड्या, सात गाठी, वर अमावास्येला बदललेली. "सब बोलरे, टीचरम्मा बाणामती कररे बोल के."
आधी हसूच फुटलं. मी आणि भानामती! शाळेत मुलींना आपोआप पेटणारा फॉस्फरस दाखवून हेच सांगायचे की करणी-बिरणी काही नसतं. यादम्मा गेली आणि मग रडले. सु.लाही तेच वाटतं?

३ ऑगस्ट, रविवार
सकाळी खाली आरडाओरडा. कुणीतरी पुरचुंडी काठीने ओढून काढली, गेटपाशी पेटवली. तेल प्यालेली, भडकणारच. काळाकुट्ट धूर. "देखो, कैसा जलरा!" सगळे दोन पावलं मागे. सु.पण होती, पदर नाकाला.
एवढी भडकली म्हणजे प्रयोग यशस्वी. माझा. आणि त्यांचाही.
खाली जाऊन चार शब्द सांगायला हवे होते. पस्तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं आणि पडद्याआड उभी राहिले. घाबरले. लाज वाटते लिहायला.

९ ऑगस्ट
पाऊस. तवंग परत.
दिवसभरात तोंडातून निघालेले शब्द: दूधवाल्याला "अर्धा लिटर".

१४ ऑगस्ट
कापड नकोच. सगळं कांद्याच्या जाळीच्या पिशवीत भरलं आणि बसवलं. कांद्याच्या पिशवीला कोण घाबरतं? खरंच कुणी ढुंकून बघितलं नाही. पाणीही भराभर जातं. बैल गेला आणि झोपा केला.

२० ऑगस्ट, बुधवार
चारला बेल. सु.!
बसली नेहमीच्या खुर्चीत. अर्धा कप झाल्यावर हळूच, "मेरे वास्ते एक बांधो."
मुलगा बंगळूरला. सहा महिने फोन नाही. मला हे माहीतच नव्हतं! रोज चहा प्यायलो, कधी बोलली नाही. "बहू बांध के रखी उसकू. तुम खींच लेते ना, तेल के जैसा."
म्हटलं, अगं सुगुणा, उसमें कुछ नहीं, नुसता काथ्या...
"जालीवाला नक्को. उसमें दम नहीं. लाल वाला." आणि माझा हात धरला. घट्ट. 'नाही' ओठांवर होतं. निघालं भलतंच: लाल कपडा खतम हो गया.
"मैं लाती. कल, चार बजे."

२१ ऑगस्ट, गुरुवार
पावणेचार. आधण ठेवलंय, आज मुद्दाम दोघींचं.
खरं सांगितलं तर उठून जाईल, पुन्हा येणार नाही. आणि बांधून दिली तर मुलगा येईपर्यंत रोज येईल.
ह्यांनी काय म्हटलं असतं, माहीत आहे. पण हे नाहीत ना.
कात्री आणि सुतळी टेबलावर काढून ठेवली आहे. नुसती काढली आहे. स्वयंपाकघरातलं कॅलेंडरही पाहिलं. अमावास्या परवा आहे.