कच्चा धावदोरा

लिहून ठेवणार : गादीवाला, वय वर्षे ब्याऐंशी. डोके ठिकाणावर आहे, हात तेवढा कापतो. कोणाच्या धाकाने लिहीत नाही; धाक होता तेव्हा गप्प बसलो, ते पुढे येईलच. माझ्यामागे पुढीलप्रमाणे व्हावे.

एक. दुकानामागच्या दोन खोल्या थोरल्या मुलाला. दुकान त्याला नाही. "बापाची गादी पोराला, राजवाड्यातही तसंच चालतं," असे तो म्हणतो. म्हणूनच नाही. दुकान चौघा कारागिरांचे. दर पाच वर्षांनी मतांच्या चिठ्ठ्या टाकून त्यांनी आपला मुख्य निवडावा. थोरल्याला बसायचेच असेल तर त्यानेही मते मागावीत. अंगाला भोके पडत नाहीत.

दोन. माझी आखूड पायाची खुर्ची मेव्हण्याला. राज्याभिषेकाला पहिली टाळी त्याने वाजवली होती. आता जरा डुगडुगत बसावे.

तीन. हे व पुढचे कलम धाकट्या लेकीला बोलावून तिच्यासमोरच उघडावे.

अध्यक्षांच्या खुर्चीची गादी मीच भरली होती. मागणीपत्रात स्पष्ट होते, 'पाच वर्षे टिकेल अशी'. पाच वर्षे सरली, निवडणूक आली. धाकटीचे पहिलेच मत. तिने पत्रिकेवर शिक्का मारला आणि पेटीपर्यंत पोहोचायच्या आत मतदान थांबले. अध्यक्ष राजे झाले होते, गादी वंशपरंपरेने चालणार होती. ती पत्रिका मुठीत धरून घरी आली.

"बाबा, आता हे कुठे टाकू?"

मी कागद तिच्या हातून काढून घेतला.

त्याच आठवड्यात तीच गादी दुकानात आली, लाल मखमल चढवायला.

"तुम्ही शिवणार?" तिने विचारले.

"पोटापाण्याचं आहे, बाळ."

"आणि माझं मत?"

बाहेर राजवाड्याचा शिपाई उभा होता. मी म्हणालो, "टाकून दिलं."

दुसऱ्या दिवशी ती सीमेपलीकडे निघून गेली. पस्तीस वर्षे झाली. तिची आई वाट बघत गेली. अजूनही दाराची कडी वाजली की माझी सुई थांबते. मला तिची फार आठवण येते. हे तोंडाने सांगायला हवे होते.

चार. माझ्या ताब्यात नसलेली एक मिळकत धाकटीच्या नावे करतो. ती गादी दरसाल झटकायला दुकानात येते. आता तिच्यावर राजांचे चिरंजीव बसतात. शिवण सगळी पक्की आहे, फक्त उजव्या कडेला वीतभर कच्चा धावदोरा घातलेला आहे. ओढला की सुटतो. कापसात हात घालावा, मधोमध.

धाकटे, त्या दिवशी माझ्या तोंडून एक शब्द जास्त गेला. तुझे मत मी टाकून दिले नव्हते. टाकले होते.

साक्षीदार : समोरचा शिंपी (सही), कोपऱ्यावरची औषधवाली (सही). दोघांनी तिसरे व चौथे कलम झाकलेले असताना सह्या केल्या आहेत. त्यांच्यावर बालंट नको.

लिहून ठेवणार : गादीवाला (सही, कापरी पण माझीच)

ठिकाण : दुकान, कापसाच्या ढिगाशेजारी.
दिनांक : राजवर्ष पस्तीस, शेवटचा रविवार. आज मतदान झाले असते.