दांडा डावीकडे, होडी उजवीकडे

प्रिय दादा,

तुझ्या व्हिडिओ गेमच्या यंत्रातलं सगळं उद्या पुसलं जाणार आहे. गेल्या आठवड्यात ते बंद पडलं म्हणून इकडे दुरुस्तीला आणलं; दुरुस्तीवाल्याने काल दुपारी उघडून दाखवलं. खारी हवा आत शिरलीय, चालू होईल, पण कोरं होऊन, असं तो म्हणाला. म्हणून आज लिहितोय. रोज ठरल्या वेळेला पेपरची पानं छपाईला सोडणारा मी, तुला हे सांगायला मात्र तीन महिने लावले.

अर्धांगाने तुझा उजवा हात अधू झाला, तेव्हा डॉक्टरांनी बोटं हलती ठेवायला सांगितलं. मी ते यंत्र घेऊन जयगडला आलो. मी आपला कीबोर्डवाला. बाणाचं बटण दाबलं की पडद्यावरची बोट वळते, मला तेवढं पुरे. तुला कीबोर्ड जोडून दिला, तर म्हणालास, बडवायचं काम तुझं. मोबाइलवर खेळून बघितलंस, तर काच पुसल्यासारखं वाटतं म्हणालास, हाताला काही लागतच नाही. शेवटी कंट्रोलर घेतलास, अंगठ्याखालची छोटी दांडी हलवलीस आणि कित्येक दिवसांनी हसलास.

"याला दांडा तरी आहे."

मला तेव्हाच कळायला नको होतं का?

खेळ बोटींच्या शर्यतीचा. तू दांडी डावीकडे ढकलायचास आणि बोट उजवीकडे जायला हवी म्हणायचास. सेटिंगमध्ये जाऊन दिशा उलटी करून ठेवायचास. मी दर रविवारी येऊन ती सरळ करायचो. एकदा तर कागदावर मोठ्या अक्षरात 'डावं' आणि 'उजवं' लिहून टीव्हीखाली चिकटवलं. उभा जन्म समुद्रावर काढलेल्या माणसासाठी!

त्या शेवटच्या रविवारी तुझी बोट तीनदा धक्क्यावर आपटली. तू चिडला नाहीस. एवढंच म्हणालास, "माझा हात बरोबर आहे रे. तुझं पाणीच उलटं आहे."

मी पडवीत जाऊन वहिनीला म्हणालो, "दादाच्या डोक्यावर परिणाम झालाय. त्याला डावं-उजवं कळेनासं झालंय."

मध्ये एक भिंत, तीही अर्धीच. ऐकलंस ना तू?

त्यानंतर तू खेळला नाहीस. बोटं आखडत गेली. दीड महिन्याने दुसरा झटका आला.

तुझ्या अस्थी घेऊन आपल्याच होडीतून खाडीच्या तोंडाशी गेलो. मला लहानपणी बोट लागायची म्हणून बाबांनी कधी सोबत नेलं नाही, शिकायला रत्नागिरीला मावशीकडे ठेवलं. पन्नाशीत पहिल्यांदाच त्या होडीत बसलो. आपला चुलतभाऊ पुढची दोरी सोडवायला उठला आणि मला म्हणाला, "सुकाणू धर जरा. होडी उजवीकडे घे." मी सुकाणूचा दांडा उजवीकडे ढकलला. होडी डावीकडे वळली.

"उलटा रे, उलटा," तो म्हणाला. "दांडा डावीकडे, तेव्हा होडी उजवीकडे. एवढंही ठाऊक नाही?"

तुझा कलश माझ्या मांडीवर होता, दादा.

घरी येऊन यंत्र चालू केलं. दिशा उलटीच होती. वहिनी म्हणाली, त्या रविवारी मी गेल्यावर तू डाव्या हाताने काहीतरी बदललंस आणि कंट्रोलर बाजूला ठेवून दिलास. मला वाटतं, ते माझ्यासाठी होतं. मी बघेन म्हणून.

मी बघितलं आणि गप्प बसलो. अजूनही गप्प आहे. भेटायला येणाऱ्यांना वहिनी सांगते, शेवटी शेवटी त्यांना काही कळत नव्हतं. शब्द माझेच. पेपरात एक नाव चुकलं तर आम्ही दुसऱ्या दिवशी दुरुस्ती छापतो. तू शुद्धीवर होतास, सगळं समजत होतास, आणि घरातलेच लोक तुला खुळा समजतायत हेही तुला समजत होतं. याची दुरुस्ती मी कुठे छापू?

उद्या अकराला यंत्र मिळेल. दुपारच्या एसटीने जयगडला जाईन. तू ठेवलेली खूण तोवर पुसलेली असेल. वहिनीला दाखवायला माझ्याकडे फक्त माझा शब्द उरेल, आणि तिने एकदा माझ्या शब्दावर विश्वास ठेवला त्याचं काय झालं ते आपण दोघं जाणतो. तरी सांगेन. तिच्यासमोर दिशा उलटी करेन, कंट्रोलर तिच्या हातात देईन आणि म्हणेन, दादाचा हात बरोबर होता. त्यानंतर तिने मला घरात घेतलं नाही, तर तेही बरोबरच असेल.

तुझा,
बाळू