टेसला झाडं दाखवून आणली

थ्री रिव्हर्स, कॅलिफोर्निया
९ ऑगस्ट

प्रिय कोरीन,

तुझी लेक सुखरूप आहे. जेवून माझ्या सोफ्यावर बुटांसकट झोपलीय. घाटात एकदा ओकली, उतरल्यावर दोन सँडविचेस खाल्ली. स्वेटर काही घातला नाही. हट्टीपणा तुझाच.

सेक्वोयाच्या अवाढव्य झाडांच्या त्या वनात मी चार वर्षांनी गेले. माझ्या पोटचा एव्हरेट गेल्यापासून पाऊलच वळत नव्हतं. बारा उन्हाळे त्यानं तिथल्या पायवाटा दुरुस्त केल्या. कुठल्यातरी वळणावर तो फावडं टेकून उभा दिसेल, अशी भीती वाटायची. तसं काही झालं नाही. होती ती नुसती झाडं, आणि माझा दुखरा गुडघा. टेसनं एका बुंध्याला मिठी मारली आणि मला पलीकडून मारायला लावली. आमचे हात कुठले भेटायला! ती मला दिसेना, मी तिला. तेवढ्यात पलीकडून आवाज आला, “आजी, मी रूबेनला बाबा म्हटलं तर तू रडशील?” समोर असती तर विचारलं नसतं तिनं. मी म्हटलं, “रडेन थोडी. पण तू म्हण.” आणि खरंच रडले, त्या मऊ सालीला गाल लावून. टेस वळसा घालून आली, माझं तोंड निरखलं आणि म्हणाली, “एवढंच?”

मला लाज वाटली गं. सात वर्षांची पोर माझं मन जपतेय, आणि मी? मार्चमध्ये रूबेननं माझं गळकं छप्पर नीट करून दिलं. दिवसभर शिडीवर होता बिचारा. मी साधी कॉफी विचारली नाही. खिडकीतून बघत बसले, हा हातोडा एव्हरेटसारखा धरतो का. नाही धरत. डावरा आहे. राग धरायला मला तेवढंही पुरलं.

गेल्या महिन्यात तू फोनवर तुझ्या नि रूबेनच्या ऑक्टोबरातल्या लग्नाचं बोलायला लागलीस, आणि ओव्हनमध्ये केक आहे म्हणून मी फोन ठेवला. केकबिक काही नव्हता. पुन्हा तसाच पळ काढीन, म्हणून हे लिहून टेसच्या पिशवीत ठेवतेय. रविवारी रूबेनला जेवायला घेऊन ये. आणि लग्नाच्या सकाळी, तुझी आई नाही, तर तुझे केस मी बांधणार आहे. मागच्या वेळी त्या पार्लरवालीनं बांधले ते मला मुळीच आवडले नव्हते. नको म्हणू नकोस.

तुझीच,
व्हर्ना