जोडीचे शॉकअप

अण्णा, गेल्या आठवड्यात मी गाडीचे पुढचे शॉकअप बदलून घेतले. कंपनीच्या पुस्तकात त्याला स्ट्रट म्हणतात, पण तुमच्या गॅरेजात तो शॉकअपच होता आणि इथं नांदेडातही शॉकअपच आहे. उजव्यातून तेल गळत होतं. खड्ड्यात चाक गेलं की खालून कुणी दार ठोठावल्यासारखा आवाज यायचा. मिस्त्री म्हणाला, "ताई, उजवाच गेलाय. डावा आणखी लई दिवस जाईल. एकच टाकू का?" मी म्हटलं, दोन्ही टाका. "तुमची मर्जी," म्हणत त्यानं जॅक लावला, आणि मी तिथल्या बाकड्यावर बसून राहिले. तुमची फार आठवण आली.

विसर्जनाच्या रात्री भूकंप झाला आणि आपण लातूरच्या घरातून बाहेर पळालो, ते मला तुकड्यातुकड्यानंच आठवतं. उजाडल्यावर तुम्ही आपली छोटी पांढरी गाडी घेऊन आईच्या माहेराकडे निघालात, ते मात्र लख्ख आठवतं. ते गाव उरलंच नव्हतं. दगडमातीवरून जखमी माणसं वाहून वाहून गाडीचा उजवा शॉकअप फुटला. आजी आणि मामा सापडले, पण जिवंत नाही सापडले. तुम्ही परत आलात आणि आईसमोर उभे राहिलात. तिनं तुमच्या मातीनं भरलेल्या हातांकडे पाहिलं आणि ती खाली बसली.

आपलं घर पडलं नव्हतं, तरी आई उंबऱ्याच्या आत पाऊल टाकेना. वरून पाऊस. मग तुम्ही आम्हाला अंगणात गाडीत झोपवलंत. आई मागच्या सीटवर, मी तिच्या कुशीत, तुम्ही बाहेर ताडपत्रीखाली. आणि तिथंच घोळ झाला. फुटक्या शॉकअपची ती गाडी. मी नुसती कूस बदलली तरी डुलायची. गाडी डुलली की आई "आला! आला!" ओरडत मला दंडाला धरून पावसात ओढायची. पुन्हा आत यायचं, पुन्हा बाहेर पळायचं. एकदा मी वैतागून ओरडले, "आई, भूकंप न्हाई गं, गाडी हालून राहिली!" तुम्ही मला क्वचितच रागावायचात. त्या रात्री रागावलात. "तिला न्हाई म्हणू नको. हाललं का न्हाई? हाललं. मंग ती खोटं कुठं बोलून राहिली?"

दुसऱ्या दिवशी मला घेऊन तुम्ही पार्टच्या दुकानात गेलात. मालक रस्त्याच्या पलीकडे खुर्ची टाकून बसलेला. दुकानाच्या स्लॅबला हात जाईल एवढी भेग. तो म्हणाला, "माल आत फळीवर हाय, पर मी जात न्हाई. तुम्हाला जायचं तर जा." तुम्ही गेलात. एक शॉकअप घेऊन बाहेर आलात, माझ्या हातात दिलात आणि परत वळलात. मी तुमचा शर्ट धरला. "अण्णा, एकच फुटलाय की." तुम्ही माझी बोटं सोडवलीत. "जोडीनंच बदलतात गं. एक नवा, एक जुना, तर गाडी एकीकडं ओढती." आणि पुन्हा त्या भेगेखाली गेलात. तेवढा वेळ मी कधी कुणाची वाट पाहिली नाही. मला तुमचा भयंकर राग आला होता. आजही थोडा येतो.

अंगणातच तुम्ही गाडी उचलून लाकडी ओंडक्यांवर ठेवलीत, चाकं काढलीत. स्प्रिंग शिकंज्यात आवळलीत, मगच वरचा नट सोडवलात, आणि तेवढ्यापुरतं मला लांब उभं केलंत. "ही सुटली तर तोंड फोडती." काम संपल्यावर बॉनेटवर भार देऊन हात उचललात. गाडी एकदाच वर आली आणि थांबली. मग आईला म्हणालात, "तू दाबून बघ." तिनं किती वेळा दाबून पाहिलं! भिऊ नको, असं तुम्ही तिला एकदाही म्हणाला नाहीत. त्या रात्री आई झोपली.

तुमचा नातू लातुरात असतो हे तुम्हाला माहीत नाही. डॉक्टर व्हायला आलेल्या पोरांनी आता तुमचं शहर भरून गेलंय. तुमच्या गॅरेजच्या जागी होस्टेल आहे. तो त्याच्या पुढच्या गल्लीत राहतो. टेस्टच्या आदल्या दिवशी पलंग हलतो, झोपच लागत नाही, असं तो फोनवर सांगायचा. मी म्हणायचे, "काही हलत नाही रे, मनाचे खेळ असतात." दर वेळी हेच. हळूहळू त्यानं सांगणं बंद केलं, आणि मला वाटलं, रुळला.

रविवारी मी गेले. तो खाली आला, गाडीत बसला. गालाची हाडं वर आलेली. रस्ताभर घोकलेलं समजुतीचं सगळं बोलायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "आई, खरंच हलतो गं." मी म्हटलं, "हलत असेल." तो रडला. लहान होता तेव्हा रडायचा तसा, आवाज करून. मी गाडी सुरू केली. कुठं चाललोय, ते त्यानं विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. वाटेत चाकूर यायच्या आधीच त्याला झोप लागली, जाग आली ती थेट नांदेडला. आताही आतल्या खोलीत झोपलाय. पुढं काय, ते ठरलेलं नाही. कॉलनीतल्या बायकांना मी त्याला कावीळ झाली म्हणून सांगितलंय.

हे पत्र कुठं टाकणार, अण्णा? इथंच गादीखाली राहील. पण तुम्ही असतात तर पोरीनं बरोबर केलं म्हणून पाठीवर हात ठेवला असतात, म्हणून खरं ते सांगते. मी त्याला आणायला गेले नव्हते. डिकीत त्याच्यासाठी महिनाभर पुरेल एवढा चिवडा होता.